पावसातली बाळंतीण, शेगडी आणि पांढरा रस्सा

या महिन्याच्या टपालात निम्म्यावर पत्रं पावसाचीच आहेत. साहजिकच आहे म्हणा, जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोऱ्यांवर दुपटी तशीच ओली आणि त्यात घरात बाळंतीण.

प्रश्न : लेक पहिल्या बाळंतपणाला आलीया, बाळ नऊ दिवसांचं हाय. घर जुनं, ओल लई, म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो, दारं-खिडक्या लावून. अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी. जावई म्हणतात सगळं बंद करा. आमची पोरं ह्याच धुरीवर वाढली की, मग आत्ताच काय झालं? – एक आजी, कसबा बावडा

आजी, ह्या एका बाबतीत जावयांचं ऐका. ऊब द्यायची तुमची कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, नऊ दिवसांच्या बाळाला अंगातली ऊब टिकवता येत नाही, पण कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि आपण म्हणतो बाळंतीण आहे, थकली असेल, झोपू दे. झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. पूर्वी कौलांच्या फटीतून, माजघरातून वारं खेळायचं, आता खाली फरशी, वर स्लॅब किंवा पीओपी आणि खिडकीला सरकती काच, वायू जाणार कुठं? शेगडीपाशी बसून कधी असं डोकं जड झालं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

धुरीचंही तेच. ओवा असो नाहीतर वावडिंग, धूर तो धूरच, आणि बाळाची श्वासनळी केवढीशी असते. तुमची पोरं वाढली हे खरंच, पण त्या काळात किती घरांत लहानग्यांना न्यूमोनिया व्हायचा तेही तुम्हीच पाहिलंय.

मग ऊब कशी द्यायची? बाळाला नुसत्या लंगोटावर आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं आणि वरून दोघांना मिळून चादर, ह्यासारखी ऊब कुठल्या शेगडीत नाही. आई दमली की बाबा किंवा तुम्ही घ्या, आजीच्या छातीशीही चालतं. डोक्याला टोपडं, पायात मोजे. बाळाला गार लागतंय का हे बघायला आपल्या हाताची पालथी बाजू आधी त्याच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार तर छान, पोट गरम आणि पाय गार तर त्याला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच डॉक्टरकडं निघा. अंघोळ पावसाळ्यात रोज नको, कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसलं तरी भागतं, तेल हलक्या हातानं लावा पण नाकात-कानात सोडू नका. दमट दुपट्यांवर सरळ इस्त्री फिरवा, पूर्ण कोरडी होईपर्यंत, अर्धवट ओलं दुपटं बाळाला गुंडाळण्यापेक्षा जुनी कोरडी साडी फाडलेली बरी.

बेंबीच्या नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, आपोआप पडते.

प्रश्न : बाळ पाच दिवसांचं, पिवळं दिसतंय. सगळे म्हणतात कोवळ्या उन्हात धरा, पण ऊनच नाही! – गडहिंग्लज

ऊन नाही ते एका अर्थी बरंच झालं, कारण उन्हाच्या भरवशावर बसून उशीर होतो. काविळीवर दवाखान्यात जो निळा उजेड देतात तो मोजून दिलेला असतो, खिडकीतल्या उन्हानं ते काम होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं पिवळं बरीच बाळं होतात आणि भरपूर अंगावर पाजलं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, की उतरतं. साखरपाणी, मध, गुटी बंद (मध तर वर्षाच्या आत नाहीच). ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही, खिडकीशी नेऊन बोटानं कातडी हलकी दाबून बघा. पण पाच दिवसांचं आहे, तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. आणि पहिल्या चोवीस तासांतच पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, तर वाट बघायची नाही. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आहे आणि शी पांढुरकी होतेय, तरी ताबडतोब दाखवा.

नदीकाठच्या गावात असाल, प्रयाग चिखली-आंबेवाडीसारख्या, तर रस्त्यावर पाणी यायच्या आधीच बाळ-बाळंतीण शहरात नातेवाइकांकडं हलवा. आशाताईंचा नंबर जवळ ठेवा, त्या दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. गाडीसाठी 102 किंवा 108.

प्रश्न : बायको सारखी रडते. बाळ तीन आठवड्यांचं, सगळं ठीक आहे. आई म्हणते ही थेरं आहेत. – उचगाव

थेरं नाहीत हो दादा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं कॉमन आहे, पण ते दोन आठवड्यांत ओसरायला हवं. तुमचं तीन आठवडे चाललंय म्हणजे डॉक्टरांशी बोलायची वेळ आली. बाळ झोपलं तरी तिला झोप लागते का, जेवते का, बाळाकडं बघून काही वाटत नाही असं म्हणते का, हे तिला विचारा, पण आईसमोर नको, एकटीला. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं असतात. टेलीमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास. जीव द्यायचं बोलली, किंवा असंबद्ध बोलायला लागली, भास होतायत, तर त्याच दिवशी दवाखान्यात, आणि तोवर तिला बाळाबरोबर एकटं सोडायचं नाही. आणि तुम्ही रात्री काय करता? पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं ही कामं तुमची. बारशाची गर्दी पुढं ढकला, कुणाचं काही अडत नाही.

प्रश्न : सासूबाई पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून. आणि पांढरा रस्सा चालतो का? – मंगळवार पेठ

पाणी तहान लागेल तेवढं प्या, पाण्यानं पोट सुटत नाही, उलट कमी प्यालात तर शी कडक होऊन टाक्यांना त्रास. पांढरा रस्सा खुशाल घ्या, तुमच्या पोटाला सोसेल तर तांबडाही, बाळाला तिखट लागत नाही. फक्त रश्श्यानं रक्त वाढेल म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका, त्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही आणि चहावर तर नाहीच. तासाभरात पॅड भिजून जात असेल, ताप असेल, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढं अंधारी येत असेल किंवा एकच पोटरी सुजली असेल, तर रस्सा राहू दे, आधी दवाखाना.