युरोपीय संसदेकडे याचिका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

युरोपात राहणाऱ्या वाचकांकडून युरोपीय संसदेच्या याचिका समितीबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न (आइंडहोवन) : मी भारतीय नागरिक आहे. नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये राहतो. युरोपीय संघाचे नागरिकत्व नसताना मला याचिका करता येईल का?

येईल. संघाचे नागरिक तर याचिका करू शकतातच, पण सदस्य देशात राहणारी कोणतीही व्यक्ती आणि तिथे नोंदणीकृत कार्यालय असलेली कोणतीही संस्था किंवा कंपनीही ती करू शकते. हा हक्क संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या कलम २२७ मध्ये आणि मूलभूत हक्कांच्या सनदेच्या कलम ४४ मध्ये आहे. मात्र रहिवास हाच तुमचा आधार असल्याने अर्जावर नेदरलँड्समधला कायमचा पत्ता हवा. भारतातला पत्ता दिलात, तर याचिकेची दखल घ्यायला संसद बांधील राहत नाही.

भाषेबद्दलही सांगायला हवे. संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येते. मूळ मजकूर मराठीत असेल, तर अधिकृत भाषेतले भाषांतर सोबत जोडणे आवश्यक आहे. डच किंवा इंग्रजीत थेट लिहिणे सोपे पडेल, कारण पुढचा पत्रव्यवहारही अधिकृत भाषेतच होतो.

प्रश्न (म्युनिक) : माझ्याकडे ब्लू कार्ड (उच्चकुशल परदेशी नोकरदारांचा संघातला निवास परवाना) आहे. पत्नीच्या निवास परवान्याचा अर्ज आठ महिने पडून आहे आणि परदेशी नागरिक कार्यालय उत्तरच देत नाही. याचिका केली तर काम होईल का?

विषय समितीच्या कक्षेत येतो. पण निव्वळ याचिकेच्या भरवशावर राहू नका.

याचिकेचा विषय दोन कसोट्यांवर तपासला जातो. तो संघाच्या कार्यक्षेत्रातला असावा आणि त्याची झळ अर्जदाराला थेट बसलेली असावी. तुमची तक्रार दोन्हींत बसते. २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशानुसार (निर्देश म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेला संघाचा कायदा; क्रमांक २०२१/१८८३) कुटुंबीय नंतर येणार असतील, तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत त्यांचा परवाना मिळाला पाहिजे. यातल्या 'पूर्ण' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. एखादा कागद राहिला असेल, तर ९० दिवसांची मोजणीच सुरू झालेली नाही, असे कार्यालय म्हणू शकते. म्हणून सर्व कागद दिल्याची पोच आधी मिळवा. (डेन्मार्क आणि आयर्लंड यांना हा निर्देश लागू नाही. तिथल्या वाचकांनी त्यावर याचिका बेतू नये.)

आता अडचण कुठे आहे ते पाहू. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. ती म्युनिकच्या कार्यालयाला परवाना द्यायला लावू शकत नाही आणि कोणताही राष्ट्रीय निर्णय रद्दही करू शकत नाही. याचिका केल्याने न्यायालयीन मुदत थांबत नाही, हे तर फारच महत्त्वाचे. 'ब्रुसेल्सला लिहिलंय, उत्तराची वाट पाहू' म्हणत अपिलाची मुदत हातची घालवणे ही आम्हाला सर्वांत घातक चूक वाटते, कारण ती नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. जर्मनीत अधिकाऱ्याने सबळ कारणाशिवाय निर्णय लांबवला, तर साधारणपणे अर्जानंतर तीन महिन्यांनी प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा लावता येतो. तुमच्या एका प्रकरणाला खरी गती याच मार्गाने मिळेल. आधी स्थानिक वकिलाशी बोला.

मग याचिका कशासाठी करायची? त्या कार्यालयात पूर्ण अर्जांनाही सर्रास ९० दिवसांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, म्हणजे दोष एका फाइलचा नसून पद्धतीचा असेल, तर तो दाखवण्यासाठी याचिका हे योग्य ठिकाण आहे. तुमच्यासारख्या आणखी चार-पाच कुटुंबांच्या तारखा, पोचपावत्या आणि स्मरणपत्रे एकत्र करून दिलीत, तर समितीला पकड घ्यायला काहीतरी मिळते.

सॉल्विट या मोफत सेवेबद्दलही काहींनी विचारले आहे. दुसऱ्या सदस्य देशातल्या सरकारी कार्यालयाने संघाचा कायदा चुकीचा लावला, तर ती मध्यस्थी करते आणि दहा आठवड्यांत तोडगा काढण्याचे उद्दिष्ट ठेवते. पण ती मुख्यतः संघाचे नागरिक, त्यांचे कुटुंबीय आणि उद्योग यांच्यासाठी आहे. शिवाय प्रकरण न्यायालयात गेल्यावर सॉल्विट ते हाती घेत नाही. पत्नी किंवा पती संघाच्या दुसऱ्या देशाचे नागरिक असतील, तर मात्र हे दार पहिल्यांदा ठोठवा.

प्रश्न : अर्ज नेमका कसा लिहावा?

संसदेच्या याचिका पोर्टलवर खाते उघडून किंवा टपालाने पाठवावा. ई-मेलने पाठवलेला मजकूर याचिका म्हणून घेतला जात नाही. नाव, राष्ट्रीयत्व आणि कायमचा पत्ता हवाच. कागदी अर्जावर सही लागते. अनेकजण मिळून अर्ज करणार असतील, तर एक प्रतिनिधी नेमावा.

आता मजकुराविषयी. समितीचे सचिवालय प्रत्येक याचिकेचा छोटा सारांश तयार करते, त्याचे भाषांतर होते आणि सदस्यांच्या हाती पहिल्यांदा तोच पडतो. ऐंशी पानांची जोडपत्रे दिलीत आणि मुद्दा एकसष्टाव्या पानावर असला, तर सारांशात तो सापडेलच याची खात्री नाही. म्हणून पहिल्या पानावरच चार गोष्टी स्पष्ट मांडा : काय घडले (तारखांसह), कोणत्या सरकारी यंत्रणेने ते केले किंवा केले नाही, संघाच्या कोणत्या कायद्याचे कोणते कलम त्यात मोडले, आणि समितीकडून तुम्हाला काय हवे आहे. 'न्याय मिळावा' ही मागणी होत नाही. 'अमुक निर्देशाचे पालन होते का, याची चौकशी युरोपीय आयोगाने करावी' ही होते. (हा आयोग म्हणजे संघाची कार्यकारी संस्था.)

कलम सापडत नसेल तरी अर्ज बाद होत नाही, पण ग्राह्य ठरण्याची शक्यता घटते. मूलभूत हक्कांच्या सनदेचा आधार घेणाऱ्यांनी तिचे कलम ५१ आधी वाचावे. सदस्य देश संघाचा कायदा अंमलात आणत असतील, तेवढ्यापुरतीच ती सनद त्यांना बंधनकारक असते. निव्वळ राष्ट्रीय कायद्यातला विषय सनदेच्या शब्दांत मांडला म्हणून संघाच्या कक्षेत येत नाही. अग्राह्य ठरणाऱ्या अर्जांमध्ये हे कारण वारंवार दिसते. शेजाऱ्याशी जमिनीचा वाद, घटस्फोटातला पोटगीचा आकडा, फौजदारी शिक्षेची तक्रार हे सारे विषय यामुळेच परत येतात.

प्रश्न (डब्लिन) : याचिका नोंदवली, क्रमांकही मिळाला. पुढे काय होते? किती वेळ लागतो?

क्रमांकात अनुक्रमांक आणि वर्ष असते. नोंदणी म्हणजे ग्राह्यता नव्हे. नोंदणीनंतर समिती ग्राह्यता ठरवते, आणि त्यालाच काही महिने जातात. वर्षाकाठी सहसा हजाराहून अधिक याचिका येतात आणि समितीत ३५ खासदार आहेत, हे लक्षात घेतले तर उशिराचे कारण कळेल. ग्राह्यतेवर एकमत झाले नाही, तर समितीच्या एक तृतीयांश सदस्यांनी मागणी केल्यास याचिका ग्राह्य धरली जाते. म्हणजे नियमाचा कल अर्जदाराच्या बाजूने आहे. अग्राह्य ठरली तर कारण कळवले जाते आणि बऱ्याचदा दुसरे योग्य ठिकाणही सुचवले जाते.

ग्राह्य ठरल्यावर समिती सहसा युरोपीय आयोगाला प्राथमिक चौकशी करायला सांगते. आयोगाचे लेखी उत्तर आले, की याचिका चालू ठेवायची, बंद करायची की बैठकीत चर्चेला घ्यायची, हे ठरते. कार्यक्रमपत्रिकेवर काय यावे हे राजकीय गटांचे समन्वयक ठरवतात. याशिवाय समिती राष्ट्रीय किंवा स्थानिक अधिकाऱ्यांना पत्र लिहू शकते, पर्यावरण किंवा रोजगार अशा विषय-समितीकडे प्रकरण पाठवू शकते, सभागृहापुढे ठराव ठेवू शकते, आणि चर्चा होऊन गेलेल्या याचिकांसाठी पाहणी दौराही काढू शकते. दौऱ्याचा एक नियम आम्हाला फार योग्य वाटतो : ज्या देशात दौरा असेल, तिथून निवडून आलेले खासदार अधिकृत शिष्टमंडळात नसतात. त्यांना फक्त सोबत जाता येते. घरच्या राजकारणाचे दडपण त्यामुळे कमी होते.

चर्चा ठरलीच, तर अर्जदाराला बोलावले जाऊ शकते. बैठका जाहीर असतात आणि इंटरनेटवर थेट दिसतात. बोलायला वेळ अगदी मोजका मिळतो, म्हणून इतिहास सांगत बसू नये. आयोगाच्या उत्तरातले कोणते वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, ते पुराव्यासह सांगावे. आधी आपल्या बाजूने एक-दोन खासदारांच्या कार्यालयांशी संपर्क साधून विषय समजावून दिलेला असला, तर चर्चेत तो कुणीतरी उचलून धरतो.

सगळा काळ मिळून एखादे वर्ष सहज जाते, गुंतागुंतीची प्रकरणे त्याहूनही लांबतात.

प्रश्न : आमच्या मोहिमेच्या संकेतस्थळावर चाळीस हजार सह्या जमल्या आहेत. त्या जोडल्या तर वजन वाढेल का?

कायदेशीरदृष्ट्या नाही. एकाची याचिका आणि लाखाची याचिका त्याच कसोटीवर तपासली जाते. पोर्टलवर ग्राह्य ठरलेल्या याचिकेला लोकांना पाठिंबा नोंदवता येतो आणि राजकीय लक्ष वेधायला तो उपयोगी पडतो, इतकेच. संसदेने स्ट्रासबर्ग सोडून ब्रुसेल्समध्येच बसावे, या २००६ सालच्या मोहिमेला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या होत्या. तरी संसद आजही स्ट्रासबर्गला भरते, कारण ती जागा करारांत लिहिलेली आहे आणि ती बदलायला सर्व सदस्य देशांची संमती लागते.

तुम्हाला नवा कायदा हवा असेल, तर मार्ग वेगळा आहे. २०१२ पासून नागरिक पुढाकाराची तरतूद आहे. तिच्यात किमान एक चतुर्थांश सदस्य देशांतून १२ महिन्यांत दहा लाख सह्या लागतात आणि मागणी आयोगाकडे जाते. तिथे सही करण्याचा हक्क मात्र फक्त संघाच्या नागरिकांना आहे, रहिवाशांना नाही. बाहेरच्या संकेतस्थळावर जमवलेल्या सह्याही त्यात मोजल्या जात नाहीत.

प्रश्न : आयोगाने 'वैयक्तिक प्रकरणात लक्ष घालत नाही' असे कळवले आणि समितीने याचिका बंद केली. न्यायालयात दाद मागता येईल का?

ग्राह्य याचिकेवर समितीने पुढे काय करावे, हा राजकीय निर्णय मानला जातो. युरोपीय न्यायालयाने ९ डिसेंबर २०१४ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे, त्यामुळे तिथे दाद लागत नाही. याचिका अग्राह्य ठरवली असेल, तर मात्र तो निर्णय न्यायालयात तपासून घेता येतो. पुरेसे कारण न देता अग्राह्य ठरवलेल्या याचिकेबाबतचा संसदेचा निर्णय २०११ मध्ये रद्दही झाला आहे. म्हणून अग्राह्यतेचे पत्र आले, की त्यातले कारण शब्दशः वाचा.

आयोगाच्या त्या उत्तरामागे जाहीर धोरण आहे. एकेका व्यक्तीच्या प्रकरणापेक्षा पद्धतशीर उल्लंघनांवर लक्ष द्यायचे, असे त्याने २०१७ पासून ठरवले आहे. हे धोरण अर्जदारांना कठोर वाटते आणि समितीतल्या अनेक खासदारांनीही त्यावर नाराजी नोंदवली आहे. आमच्या मते नाराजी रास्त आहे, कारण सामान्य माणसाला पद्धतशीर दोष शोधायला सरकारी आकडेवारी कुठून मिळणार? तरीही उपाय त्यातच आहे. नवीन पुरावा हाती आला, विशेषतः तशीच इतर प्रकरणे किंवा राष्ट्रीय न्यायालयाचा निकाल, तर तो जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून समितीकडे पाठवा आणि याचिका पुन्हा उघडण्याची विनंती करा. तेच मुद्दे वेगळ्या शब्दांत पाठवून उपयोग होत नाही.

प्रश्न : याचिकेने खरेच काही बदलले आहे का?

हो, पण सहसा एकट्या याचिकेने नाही. पोलंडमध्ये आउगुस्तुफ शहराचा वळणरस्ता रोस्पुदा नदीच्या संरक्षित खोऱ्यातून जाणार होता. त्यावर याचिका आली, आयोगाने २००७ मध्ये पोलंडला न्यायालयात खेचले, देशातही मोठा विरोध झाला आणि २००९ मध्ये सरकारने दुसरा मार्ग स्वीकारला. ब्रिटनच्या इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीच्या पतनानंतर विमेदारांच्या याचिकांमधून २००६ मध्ये संसदेची स्वतंत्र चौकशी समिती उभी राहिली. तिने २००७ च्या अहवालात भरपाईची शिफारस केली. प्रत्यक्ष पैसे मिळायला २०११ उजाडले, आणि त्यात ब्रिटिश संसदीय लोकपालांच्या २००८ च्या अहवालाचा वाटा मोठा होता. स्पेनच्या किनारपट्टीवरील नगररचना कायद्यांमुळे जमिनी गमावलेल्या लोकांच्या असंख्य याचिकांवर २००९ मध्ये सभागृहाने कडक ठराव केला, पण तिथल्या अनेक घरमालकांना त्यातून थेट दिलासा मिळाला नाही.

प्रश्न : माझे नाव सगळ्यांना दिसेल का? मालकाला कळायला नको.

नोंदलेली याचिका सर्वसाधारणपणे जाहीर कागद असते. नाव गुप्त ठेवण्याची किंवा याचिका गोपनीय मानण्याची विनंती अर्ज भरतानाच करा. नंतर केलेली विनंती आधी प्रसिद्ध झालेला मजकूर परत आणू शकत नाही. मजकुरात आणि जोडपत्रांत इतर लोकांची नावे, आजार, पत्ते अनावश्यक लिहू नका.

प्रश्न : युरोपीय लोकपाल आणि ही समिती यांत फरक काय?

तक्रार संघाच्या संस्थेविरुद्ध, म्हणजे आयोगाने पत्राला उत्तर दिले नाही, कागद दाखवले नाहीत, भरतीत अन्याय केला अशी असेल, तर लोकपालांकडे जा. आधी त्या संस्थेशी लेखी संपर्क केलेला हवा आणि घटना कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. सदस्य देशाने संघाचा कायदा पाळला नाही, असे असेल तर समितीकडे या, किंवा थेट आयोगाकडे तक्रार अर्ज भरा.