आर्मा ३ मध्ये पहिल्यांदा प्लाटून सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्मा ३ या युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये शनिवारच्या को-ऑप (सगळ्यांनी एका बाजूने खेळायच्या) मिशनमध्ये पहिल्यांदाच पंचवीसेक खेळाडूंची प्लाटून, म्हणजे सैनिकी तुकडी, तुमच्याकडे येतेय. एसीई (जखमा-उपचार खऱ्यासारखे करणारा) आणि टास्क फोर्स रेडिओ (बोलणं खऱ्या रेडिओसारखं करणारा) हे दोन्ही मॉड, म्हणजे खेळाला वरून जोडलेले भाग, चालू असतील. मागच्या वेळी रेडिओवर सगळे एकदम बोलत होते, तर आता एवढी माणसं हातात कशी ठेवायची?

पंचवीस माणसं एकट्याच्या हातात राहत नाहीत, आणि ठेवायचीही नसतात. तुम्ही बोलायचं ते फक्त तीन सेक्शन कमांडरांशी. आपल्या पायदळातही प्लाटूनची तीन सेक्शन असतात, प्रत्येकात दहा जवान. ही रचना उगाच टिकलेली नाही. लढाई चालू असताना माणसाला तीन-चार आवाजांपलीकडे लक्ष देता येत नाही. म्हणून पाठीवरचा लांब पल्ल्याचा रेडिओ तुमच्याकडे, तिन्ही सेक्शन कमांडरांकडे आणि प्लाटूनच्या मेडिककडे असू द्या. बाकीचे आपापल्या सेक्शनच्या छोट्या रेडिओवर. एखादा रायफलमॅन थेट तुम्हाला विचारायला लागला, तर त्याला शांतपणे त्याच्या सेक्शन कमांडरकडे पाठवा. तुम्ही एकदा परस्पर उत्तर दिलंत की पुढे त्या सेक्शन कमांडरला कुणी विचारत नाही. रेडिओवरचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आता ब्रीफिंग, म्हणजे मिशनआधी सगळ्यांना योजना समजावणं. माझ्या मते कमांडरचं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे होतं, आणि बहुतेक नवे कमांडर नेमके इथेच घाई करतात. नकाशावर बाण काढून ‘दुसरं सेक्शन या टेकडीवर जाईल’ एवढं सांगणं पुरत नाही. कशासाठी जाईल ते सांगा. समजा, खेळातल्या स्ट्रॅटिस बेटावरचं आगिया मरिना हे गाव घ्यायचंय. ‘आपण गावात शिरत असताना बाहेरून कुमक आत येता कामा नये, म्हणून दुसरं सेक्शन टेकडीवर बसून रस्ता धरेल’ असं सांगितलंत, तर टेकडीवर पोचल्यावर झाडीमुळे रस्ता दिसत नाही असं कळलं तरी तो सेक्शन कमांडर अडत नाही. दोनशे मीटर सरकून तो दुसरी जागा बघतो आणि तुम्हाला एका वाक्यात कळवतो. फक्त टेकडीच सांगितली असेल, तर तो टेकडीवर बसून राहतो आणि रस्त्याने चिलखती गाडी येते.

हा विचार खेळाडूंनी शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात सेनानी मोल्टकेने याच पद्धतीवर भर दिला. सैन्य इतकं पसरलेलं असायचं की वरचा हुकूम खाली पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असायची. म्हणून हेतू वरून ठरायचा आणि तो कसा साधायचा ते जागेवरचा अधिकारी ठरवायचा. खेळातलं मोठं बेट आल्टिस २७० चौरस किलोमीटरचं आहे. एक डोंगरधार मध्ये आली की तिसरं सेक्शन काय बघतंय ते तुम्हाला कळणार नाही. जो बघतोय त्याला ठरवू द्या.

प्रत्यक्ष हल्ल्याची रचना साधी ठेवा. एक सेक्शन गोळीबार करून शत्रूला खाली दाबून ठेवतं, दुसरं बाजूने आत शिरतं, तिसरं राखीव. राखीव सेक्शन लवकर वापरू नका; कंटाळून ते स्वतःच पुढे जायला मागतील, तरी थांबवा. दाबून ठेवणाऱ्या आणि आत शिरणाऱ्या सेक्शनच्या दिशांमध्ये जवळपास काटकोन असावा, म्हणजे आपल्याच माणसांच्या पाठीत गोळ्या जात नाहीत. आणि गोळीबार कधी सरकवायचा, कधी थांबवायचा, त्याची खूण आधीच ठरवा: एखाद्या रंगाचा धूर, शिवाय रेडिओवर एक शब्द. आपल्याच गोळीने आपली माणसं पडतात ती बहुतेक याच वेळी.

तुम्ही स्वतः कुठे असावं? दाबून ठेवणाऱ्या सेक्शनच्या जवळ, जिथून आत शिरणारं सेक्शन दिसेल. सगळ्यात पुढे नको आणि दोन डोंगर मागेही नको. तुमची रायफल स्वतःच्या बचावापुरती. दुर्बिणीतून डोळा काढून नेम धरलात की तेवढा वेळ प्लाटूनला कमांडर नसतो.

एसीईमुळे जखमींचा प्रश्न फार मोठा होतो. एक जण बेशुद्ध पडला की मित्र म्हणून चौघे धावतात आणि त्याच गल्लीत चौघेही पडतात. पडलेल्याची स्क्रीन काळी झालेली असते, तो वाट बघत असतो, म्हणून मन ओढलं जाणारच. तरी आधी समोरचा गोळीबार दाबा, मग धूर टाका, मग मेडिक. हा क्रम ब्रीफिंगमध्येच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तुम्हाला कुणावर ओरडावं लागत नाही.

प्रत्येक सेक्शनला उपकमांडर हवाच, आणि तुमच्या जागी कोण येणार तेही नाव घेऊन सांगा. गोळी लागेल तेव्हा लागेल. आपल्याकडे वीज जाते, नेट तुटतं, घरून जेवायला हाक येते. पुढचा माणूस माहीत असेल तर मिशन थांबत नाही.

रेडिओवर बोलण्याबद्दल थोडंच सांगतो. आधी ज्याला बोलावताय त्याचं नाव, मग तुमचं. बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. शत्रू दिसला की होकायंत्रावरचे अंश, अंतर आणि काय दिसलं: ‘०४५, तीनशे मीटर, चार जण, भिंतीमागे’. तेवढंच. मराठी, हिंदी की इंग्रजी, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. आकडे मात्र एकाच भाषेत असू द्यात.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही माणसं आठवडाभराच्या कामातून तीन तास काढून येतात. कमांडर ठरवत बसला म्हणून अर्धा तास झुडपात पडून राहणं त्यांना फार लागतं, खेळात मरून नुसतं प्रेक्षक होण्यापेक्षाही जास्त. अर्धवट माहितीवर दोन मिनिटांत घेतलेला बरा निर्णय हा वीस मिनिटांनी घेतलेल्या उत्तम निर्णयापेक्षा त्यांना जास्त उपयोगी. थांबावंच लागलं तर का थांबलोय आणि किती वेळ, ते कळवा. वाट बघण्याचं कारण माहीत असलं की लोक तक्रार करत नाहीत.

मिशन संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांना थांबवा. आधी सेक्शन कमांडरांना बोलू द्या, मग नव्या खेळाडूंना, तुम्ही शेवटी. कुणाचं चुकलं असेल तर ते त्याच्याशी नंतर वेगळं बोला.

शनिवारी सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी तिन्ही सेक्शन कमांडरांना बोलवून फ्रिक्वेन्सी तपासा आणि ब्रीफिंग त्यांच्याकडून एकदा परत ऐका. ‘कशासाठी’ हे तिघांनीही स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितलं, तर प्लाटून पुढे काढा.