एक्सलचा बूट फाटलाय पण आवाज नाही, तर आत्ता पैसे घालायचे का?

ताई, तुमचा मेल मोठा होता, इथे थोडक्यात सांगतो. आठ वर्षं जुनी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, घरातले पाच जण तिच्यावर अवलंबून. सर्व्हिसिंगला रॅम्पवर चढवली तेव्हा डाव्या चाकामागचा रबरी बूट चिरलेला दिसला, थोडं ग्रीस बाहेर आलंय, आवाज अजून काही नाही. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही बाजूचे आख्खे शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारे दांडे, नवीन टाकून मोकळे व्हा, तुमचे दीर म्हणतात आवाज आला की बघू, आणि तुम्हाला वाटतंय की दोन वर्षांनी गाडी काढायचीच आहे तर हेच पैसे नवीन गाडीच्या डाउन पेमेंटला का ठेवू नयेत.

मी दिरांच्या बाजूने नाही हे आधीच सांगून टाकतो. का, तर हा खर्च थांबवून ठेवता येणाऱ्यातला नाही. सीट कव्हर फाटलं तर वर्षभर तसंच ठेवा, नंतर बदलायला तेवढेच पैसे लागतील. बुटाचं तसं नाही, तो स्वस्तात सुटतो ते आतला जॉइंट शाबूत आहे तोवरच, आणि ती मुदत फाटल्या दिवसापासून संपायला लागलेली असते.

आत काय असतं ते बघा म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. चाक वळतं, वरखाली होतं, आणि तरी इंजिनची ताकद त्याच्यापर्यंत एकसारखी पोचायला लागते, त्यासाठी शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. बहुतेक गाड्यांत त्यात सहा छर्रे, ते खाचांमधून सरकतात, आणि सगळं काळ्या मॉलिब्डेनमवाल्या ग्रीसमध्ये बुडलेलं. ते ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायचं एवढंच त्या घडीघडीच्या रबराचं काम. चीर पडली की चाक फिरताना ग्रीस भिरभिरत बाहेर फेकलं जातं, रिमच्या आतल्या बाजूला काळे फराटे दिसतात ना ते तेच, आणि त्याच चिरेतून रेती आत जाते. उरलेलं ग्रीस आणि रेती मिळून पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि छर्रे त्यात घासले जातात. गंमत म्हणजे जॉइंट बरेच दिवस आवाज करत नाही. मग एक दिवस पार्किंगमध्ये फुल स्टेअरिंग वळवून गाडी पुढे घेतली की टक टक टक टक. हा आवाज म्हणजे खाचा झिजून गेल्यात, आता नवीन बूट आणि किलोभर ग्रीस घातलं तरी धातू परत येत नाही. म्हणजे आवाजाची वाट बघणं हे खर्च वाढायची वाट बघणं झालं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या जुन्या गाडीचा बूट असाच फाटला होता, मी पण म्हटलं पुढच्या सर्व्हिसिंगला बघू, लोकांना बजेटचे सल्ले देणारा माणूस मी! पुढची सर्व्हिसिंग यायच्या आत टकटक सुरू झाली आणि आख्खा शाफ्ट घ्यावा लागला.

आता तुमचं कोटेशन. आकडे बाजूला ठेवू, प्रमाण बघू. डाव्या बाजूचा बूट, क्लॅम्प, ग्रीस आणि लेबर मिळून जे होतंय त्याला एक भाग म्हणा, तर त्या बाजूचा आख्खा शाफ्ट तुम्हाला तीन भाग सांगितलाय आणि दोन्ही बाजूचे सहा. गॅरेजवाल्याचा मुद्दा असा की नुसता बूट बदलला आणि नंतर जॉइंट गेलाच तर एक भाग वाया. बरोबर आहे, पण कितीदा वाया जाईल ते बघायला पाहिजे ना. समजा जॉइंट आधीच खराब झाला असायची शक्यता तीनात एक आहे. बूट टाकला तर एक भाग आत्ता, अधिक तीन भागांचा तिसरा हिस्सा, म्हणजे सरासरी दोन भाग. शाफ्ट टाकला तर तीन भाग, नक्की. शक्यता तीनात दोन झाली तरच दोन्ही सारखं पडतं. आवाज नाही, चीर सर्व्हिसिंगला नवीनच दिसली, आधीच्या सर्व्हिसिंगला बूट धड होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे आहात. बूट टाका.

आणि यात अंदाजावर बसायची पण गरज नाही. बूट बदलायला शाफ्ट बाहेर काढावाच लागतो, हब नट काढा, खालचा बॉल जॉइंट सोडवा, सगळं तेच, म्हणून तर बिलात रबरापेक्षा लेबर जास्त असतं. जॉइंट उघडून जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढल्यावर छर्रे आणि खाचा डोळ्यांनी दिसतात. खड्डे पडलेत, खाचेत नखाला अडेल अशी कड आलीय, तर तिथेच थांबायचं आणि शाफ्ट घ्यायचा, लेबर दुसऱ्यांदा लागत नाही. गाडी देतानाच सांगून ठेवा की जॉइंट उघडला की मला फोन करा, मी बघायला येते. हे न सांगता गाडी ठेवून आलात तर जुनं ग्रीस न धुता वरून नवीन भरून बूट चढवलेला मिळू शकतो, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

अजून एक, शाफ्ट बाहेर आहेच तर त्याच बाजूचा गिअरबॉक्सकडचा आतला बूट पण नीट बघायला सांगा. कडक झाला असेल, घडीत बारीक भेगा असतील तर तोही लगेच टाका, त्यात वाढीव खर्च जवळजवळ नुसत्या रबराचा आणि ग्रीसचा. उजव्या बाजूचं मात्र असं नाही. तिकडे परत सगळं वेगळं खोलावं लागतं, त्यामुळे दोन्ही बाजू एकत्र केल्या की स्वस्त पडतं हे फारसं खरं नाही, धड असलेला भाग बदलायला सहातले तीन भाग कशाला द्यायचे. बूट चारच तर आहेत, दर सर्व्हिसिंगला गाडी वर चढतेच तेव्हा बघून घ्या. मधल्या काळात घरी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारला तरी बाहेरचा बूट दिसतो, घडी ताणली जाते तिथेच चीर आधी येते.

आधीच उभे कापलेले, शाफ्ट न काढता वरून गुंडाळून जोड चिकटवायचे स्प्लिट बूट पण कोणीतरी सुचवेल. त्यात लेबर वाचतं पण जॉइंट नीट धुतला जात नाही आणि जोड उघडायची भीती असते. दोन महिन्यांत गाडी विकणार असता तर विचार केला असता, आणि तेव्हाही घेणाऱ्याला सांगून. तुम्हाला अजून दोन वर्षं चालवायचीय.

डाउन पेमेंटचं म्हणाल तर ते पैसे वाचत नाहीयेत, तुम्ही फक्त जॉइंटकडून उधार घेताय. जॉइंट पार तुटला तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट चांगला असून गाडी जागची हलत नाही, कारण दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये सगळी ताकद त्या मोकळ्या फिरणाऱ्या टोकाकडे निघून जाते. मग टोइंग, त्या दिवशीची भाड्याची गाडी, आणि घाईत मिळेल तो शाफ्ट. इन्शुरन्स यात सहसा येत नाही, झीज पॉलिसीत धरत नाहीत.

पैसे काढायचे कुठून? इमर्जन्सी फंडाला हात लावू नका, आठ वर्षांच्या गाडीचं रबर फाटणं ही काही इमर्जन्सी नाही, ते होणारच होतं. कार्डवर इएमआय तर नकोच. या महिन्याची डाउन पेमेंटची रक्कम इकडे वळवा, पुढच्या महिन्यापासून परत सुरू. आणि गेल्या दोन वर्षांची गाडीची सगळी बिलं काढून बेरीज करा, चोवीसने भागा, तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, टायर आणि बॅटरी पण यातूनच निघतील.

गाडी याच आठवड्यात द्या. जॉइंट उघडला की पुसायच्या आधी त्यातलं जुनं ग्रीस चिमटीत घेऊन चोळून बघा. गुळगुळीत लागलं तर बूट टाकून घरी या. खरखर लागली तर छर्रे-खाचा धुवून स्वतः बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका, आणि फोटो मला पाठवा.