समुद्रासमोरची खोली नको, आगरातले घर घ्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण उभयता, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई असे चौघे जण जानेवारीच्या अखेरीस पुण्याहून चार दिवस समुद्रकाठी राहायला जाऊ इच्छिता. वॉटर स्पोर्ट्स, किल्ले किंवा देवदर्शनाची धावपळ यांतले काहीही आपल्याला नको आहे, निवांतपणा हवा आहे. आणि त्यासाठी अगदी वाळूला लागून असलेले, खिडकीतून लाटा दिसणारे कॉटेज घ्यावे का, असे आपण विचारले आहे. गेली बावीस वर्षे मी जवळजवळ दर हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर राहून येतो. त्या अनुभवावरून सांगतो की, वाळूवरचे कॉटेज घेऊ नका. गुहागरसारख्या गावात, नारळी-पोफळीच्या आगरातल्या घरातली खोली घ्या आणि चारही दिवस तिथेच मुक्काम करा.

कोकणातली किनाऱ्यालगतची जुनी गावे ज्यांनी वसवली, त्यांनी समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही घर वाळूवर बांधले नाही. आधी पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, तिच्या मागे केवडा आणि आता सुरूचे बन, मग माड-पोफळींचे आगर, आगराच्या टोकाला घराची मागची पडवी, मग घर, पुढचे अंगण आणि शेवटी रस्ता, असा तो क्रम आहे. गुहागरात तो फार स्पष्ट दिसतो. गाव मुख्यतः एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरले आहे, मध्ये व्याडेश्वराचे मंदिर आणि दोन बाजूंना वरचा पाट व खालचा पाट या नावांच्या वस्त्या. या रस्त्याच्या पश्चिमेकडील घरांच्या मागील दारातून बाहेर पडले की आगर लागते आणि आगरातून सरळ चालत गेले की समुद्र. लाटांचा आवाज रात्रभर अंथरुणात ऐकू येतो, मात्र खारा वारा आणि उन्हाची तिरीप घरापर्यंत येईतो झाडांनी गाळून घेतलेली असते.

दुसरे कारण पाण्याचे आहे. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, म्हणूनच समुद्राच्या इतक्या जवळ असूनही आगरातल्या उथळ विहिरींना पिण्याजोगे पाणी लागते. मात्र अगदी काठावर खोल बोअर मारून भरमसाट उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. मी एकदा मे महिन्यात अशाच एका वाळूवरच्या कॉटेजात तीन दिवस राहिलो होतो. अंगाला साबण लावला तरी फेस येत नव्हता आणि केस धुतल्यावर चिकट होत होते. पत्र्याचे छत सकाळी दहापासून तापायचे, त्यामुळे ज्या खिडकीतल्या लाटांसाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले होते, ती खिडकी संध्याकाळी पाचपर्यंत पडदा ओढून बंद ठेवावी लागली. रात्री शेजारच्या आवारात ध्वनिवर्धक सुरू झाला, तेव्हा दोहोंमध्ये एक झाडही नव्हते. जानेवारीत एवढा उकाडा होणार नाही, हे खरे आहे. पण पाणी आणि आवाज यांचा प्रश्न बारा महिने तोच असतो.

आगरात राहण्यातला विसावा कसा असतो, हे शहरात राहणाऱ्याला सांगून समजणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. सकाळी शिपणे, म्हणजे झाडांना पाणी देणे, सुरू होते. पूर्वी रहाटाने व्हायचे, आता पंपाने होते. पण बऱ्याच घरी पाणी अजूनही पाटातूनच खेळवतात. घरातले कोणीतरी अनवाणी उभे राहून एका आळ्याचे तोंड मातीने बंद करते आणि पुढच्याचे उघडते, पाणी वळते, कोरड्या पाचोळ्याखालून सरकत पोफळीच्या बुंध्याशी जमते आणि ओल्या मातीचा वास पडवीपर्यंत येतो. माझा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना सकाळचे दोन तास हेच पाहत बसायचा. एखादी वाळलेली झाप धपकन खाली पडली की तिच्या विरीवर, म्हणजे देठाकडच्या रुंद भागावर, एकाने बसायचे आणि दुसऱ्याने पात्यांना धरून ओढत न्यायचे, हा खेळ त्याला घरातल्या मुलांनीच शिकवला. आपल्या मुलीला चार दिवस मोबाइलशिवाय करमेल का, अशी काळजी आपण व्यक्त केली आहे; मला ती वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे आरक्षण करताना फारसे कोणी लक्ष देत नाही. समुद्रकाठी जाण्याचे दिवस तिथी पाहून ठरवावेत. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती काढण्याची जुनी रीत अशी आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र काठोकाठ भरलेला असतो; फिरायला जाण्याच्या नेमक्या दोन्ही वेळांना पुळण अरुंद होते आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत चालावे लागते, जे सासूबाईंच्या गुडघ्यांना मुळीच झेपणार नाही. उलट पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे ऐन सूर्यास्ताच्या वेळी, पूर्ण ओहोटी असते. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी चढते तसेच खूप मागेही हटते आणि कडक, ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. त्यावर वृद्ध माणूससुद्धा काठी टेकत सहज चालू शकतो. म्हणून त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस निवडा. पौर्णिमा साधली तर सूर्य समुद्रात बुडत असतानाच मागे माडांच्या वर चंद्र उगवतो.

त्या ओल्या वाळूवर मुलीला खाली वाकून पाहायला सांगा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या असंख्य गोळ्या किरणांसारख्या रांगांत मांडलेल्या दिसतील आणि प्रत्येक नक्षीच्या मध्यभागी एक बारीक भोक असेल. नखाएवढे खेकडे वाळू तोंडातून चाळून तिच्यातले अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पाच मिनिटे न हलता बसले तर खेकडा बाहेर येतो. पुढच्या भरतीत सगळे पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मांडले जाते. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जाताना आधी यजमानांना विचारा आणि ओहोटी लागलेली असताना मुलीला आत सोडू नका, कारण तेव्हा पाण्याची ओढ समुद्राकडे असते.

पर्यायी गावे म्हणून दिवेआगर आणि केळशी ही दोन्ही मला आवडतात, आणि दोन्ही सपाट आहेत. आंजर्ले फार सुंदर आहे, पण तिथल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, आणि चढ सासूबाईंना त्रासाचे ठरतील. एक गोष्ट लक्षात ठेवा : ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर, श्रीवर्धन आणि त्याखाली केळशी-आंजर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातली आगरे आडवी केली. लोकांनी पुन्हा लागवड केली आहे, पण नव्या माडा-पोफळींना पूर्वीची सावली धरायला वर्षे लागतात. त्या गावांतले घर घेताना झाडे किती उभी आहेत हे आवर्जून विचारा, आणि सावली थोडी कमी असली तरी जमत असेल तर जा, कारण ज्यांचे उभ्या आयुष्याचे उत्पन्न एका दुपारी गेले, त्यांच्या घराला पाहुण्यांचा खरा आधार होतो.

पुण्याहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता आहे. घाट चढ-उताराचा असल्यामुळे पहाटे निघा आणि चिपळुणात थांबून जेवा. मुंबईकरांनी कोकण रेल्वेने चिपळूणपर्यंत येऊन पुढे एसटी धरावी. २६ जानेवारीला जोडून येणारी सुटी मात्र कटाक्षाने टाळा आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार जा.

घर ठरवताना छायाचित्रांवर विसंबू नका, यजमानांशी फोनवर सविस्तर बोला. जोत्याला पायऱ्या किती आहेत, संडास-न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, कमोड आहे का, विहिरीचे पाणी गोडे आहे का आणि आगरातून समुद्राकडे जाणारी वाट घराचीच आहे का, हे विचारा. आगरातल्या पुष्कळ घरी स्वयंपाक शाकाहारी असतो. मासे हवे असतील तर ते आधीच स्पष्ट करा आणि तसे शिजवणारे घर निवडा, बाहेरून आणून त्यांच्या पडवीत खाऊ नका. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी संख्या सांगावी लागते, कारण नारळ खोवण्यापासून सगळे घरीच होते. न्याहारीला पोहे-उपमा न मागता घावणे किंवा आंबोळी मागा. आणि मागच्या पडवीत झोपाळा आहे का, हे विचारायला विसरू नका. आपण तिघे समुद्रावर गेलात तरी सासूबाईंना तिथे बसून आगरातून येणारी-जाणारी माणसे दिसत राहतील, आणि घरातल्या आजी भाजी निवडायला शेजारी येऊन बसल्या की त्यांना आपली वाट पाहावी लागणार नाही.