लिलावात घर गेल्यावर पुन्हा घर कधी घ्यावं? (पाथर्डी फाट्याच्या ताईंना उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ ३२ लाखांचा फ्लॅट, ७ लाख स्वतःचे, २५ लाखांचं कर्ज. लॉकडाऊननंतर अंबडमधली मिस्टरांची नोकरी गेली, हप्ते थकले आणि २०२२ मध्ये बँकेने लिलावात घर २७ लाखांना विकलं. तुमच्या हातात काहीच आलं नाही. आता दोघांचे मिळून महिना ५६ हजार येतात, इंदिरानगरला ११ हजार भाडं आहे, शिल्लक ६ लाख आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा स्कोअर) ६४८. दीर म्हणतात, कुंभमेळ्याच्या आत घ्या, नंतर परवडणार नाही. म्हसरूळला ४२ लाखांचा फ्लॅट पाहून ठेवलाय.

मी नाशिकच्या एका सहकारी बँकेत गृहकर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्यासारखी घरं टेबलाच्या पलीकडून पाहिली आहेत. दारावर चिकटवलेली नोटीस शेजारीपाजारी वाचतात, पोरं शाळेतून येऊन विचारतात, नातेवाईक वास्तुशांतीला जेवून गेलेले असतात आणि तेच नंतर कुजबुजतात. तुम्ही दोघांनी यातून संसार सावरून ६ लाख साठवलेत, हे साधं काम नाही. म्हणून स्पष्टच सांगतो: ४२ लाखांचा फ्लॅट घेऊ नका. गेलेले पैसे नव्या घराच्या भावात भरून निघतील, या आशेने तर मुळीच घेऊ नका.

आधी मागचा हिशेब. लिलाव होऊन हातात काही आलं नाही म्हणता, पण हिशेबही मिळाला नाही म्हणता, हे मला खटकलं. सरफेसी कायद्यात (थकलेल्या कर्जापोटी बँक तारणाचं घर विकते तो कायदा) कलम १३(७) स्पष्ट आहे. विक्रीच्या रकमेतून आधी लिलावाचा खर्च, मग बँकेचं येणं, आणि उरेल ते कर्जदाराचं. त्यामुळे बँकेला लेखी पत्र द्या आणि तीन गोष्टी मागा: लिलावाच्या तारखेला एकूण येणं किती होतं, खर्च म्हणून काय काय कापलं, आणि आज खात्यावर बाकी किती दाखवताय. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. पैसे निघतीलच असं नाही. पण येणं वसूल होऊनही खातं आजपर्यंत उघडंच राहिलं असेल तर नवीन कर्जाच्या वेळी तेच आडवं येईल.

आता तुमच्या ७ लाखांचं आणि हप्त्यांचं काय झालं ते बघा. २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता २१,७०० च्या आसपास. पहिल्या हप्त्यात १७,७०० व्याज आणि जेमतेम ४ हजार मुद्दल. तीन वर्षं नियमित भरलेत म्हणजे ७ लाख ८१ हजार गेले, आणि मुद्दल उतरलं फक्त १ लाख ६३ हजार. त्यावर लॉकडाऊनमध्ये हप्ते पुढे ढकलायची मार्च ते ऑगस्ट २०२० ची मुदतवाढ घेतली असेल तर त्या सहा महिन्यांचं व्याज पुन्हा मुद्दलात चढलं. स्टेटमेंट काढून २०२० चं पान बघा, ‘बाकी’च्या रकान्यात आकडा खाली येण्याऐवजी वर गेलेला दिसेल. लोकांना वाटतं एवढे हप्ते भरले, घर निम्मं आपलं झालं. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीची वर्षं बहुतेक व्याजातच जातात. त्या काळात नोकरी गेली की विकूनही हातात उरत नाही. तुमचं घर भाव पडल्यामुळे गेलं नाही. हातात सहा महिन्यांचे हप्ते नव्हते म्हणून गेलं. पुढच्या घराचं सगळं गणित इथून सुरू करा.

म्हसरूळच्या फ्लॅटला हे लावून बघा. ३० लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ३३ लाख ६० हजार. हप्ता २९ हजारांच्या वर, तुमच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त. वर स्वतःचे ८ लाख ४० हजार, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे अडीच ते तीन लाख, बांधकाम चालू असेल तर १ टक्का जीएसटी, सोसायटीचं डिपॉझिट, मीटर, ग्रिल, ओटा. तुमच्याकडे ६ आहेत. उरलेलं कुठून येणार? सोनं गहाण, पतसंस्थेचं कर्ज, दिराकडून हातउसने. म्हणजे घरात शिराल त्या दिवशी शिल्लक शून्य आणि देणी तीन ठिकाणी. एजंट म्हणतोय ना की करारात किंमत वाढवून दाखवू आणि ९५ टक्के कर्ज करून देऊ? त्या माणसाशी बोलणं थांबवा. फुगवलेल्या किमतीवर तुम्ही जास्तीची ड्युटी भराल आणि जास्तीचं कर्ज फेडाल, तो कमिशन घेऊन मोकळा होईल.

कुंभमेळ्याचं म्हणाल तर रस्ते रुंद होतील, काही भागांत भाव चढतील, हे खरं. २०१५ च्या सिंहस्थाआधीही हेच बोललं जायचं. पण भाव चढला म्हणून तुमचा पगार चढत नाही. राहायचं घर आहे ते, दोन वर्षांनी विकायचं नाही.

मग किती रुपयांचं घर? माझं मत: २४ लाखांच्या आसपास, रिसेल, कर्ज १८ लाखांपेक्षा जास्त नाही, मुदत १५ वर्षं. हप्ता १७,७०० येतो. तुमचा एकटीचा पगार २२ हजार आहे. मिस्टरांची नोकरी पुन्हा गेली तरी हप्ता तुमच्या पगारातून निघतो. हा एकच निकष मी शेवटपर्यंत सोडणार नाही: दोघांपैकी ज्याचा पगार कमी, त्याच्या पगारात हप्ता बसला पाहिजे. मुदत कमी केल्याचा फायदा बघा. पहिल्या तीन वर्षांत तुम्ही ६ लाख ३८ हजार भराल आणि मुद्दल २ लाखांनी उतरेल. मागच्या वेळी जास्त भरून कमी उतरलं होतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे दिवाळीच्या बोनसमधले दहा-वीस हजारही थेट मुद्दलात टाकता येतात.

या बजेटात जेल रोड, पंचवटीची आतली बाजू, सिडको, सातपूरचं अशोकनगर अशा भागांत जुन्या इमारतीत वन बीएचके किंवा लहानसा टू बीएचके शोधावा लागेल. लिफ्ट नसेल, पार्किंगची कटकट असेल. चालेल. सिडकोचं घर असेल तर हस्तांतराची परवानगी लागते का आणि लागली तर त्याचे पैसे कोण भरणार हे इसाराआधी ठरवा. कोणतंही घर असो, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) स्वतःच्या वकिलाकडून काढा. गुंठेवारीतलं (परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या जमिनीवरचं) स्वस्त घर कोणी दाखवलं तर नियमित झाल्याचे कागद पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीवरही लक्ष ठेवा. तुमच्या नावावर आज शहरात घर नाही, त्यामुळे ती अट तुम्हाला आड येत नाही.

आणखी एक कारण आहे लहान घराचं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही नावावर पक्कं घर नसावं, आणि घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर हवं. तुमचं उत्पन्न पावणेसात लाखांच्या आत, म्हणजे बसता. ४२ लाखांचा फ्लॅट बसत नाही. फक्त एक तपासा: २०१७-१८ मध्ये जुन्या योजनेचं अनुदान तुमच्या कर्जखात्यात जमा झालं होतं का? झालं असेल तर गेल्या वीस वर्षांत लाभ घेतलेल्यांना पुन्हा मिळत नाही, मग हे गणितातून काढून टाका. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ती मात्र मिळेलच.

आता सिबिल. ‘माझ्या एकटीच्या नावावर अर्ज केला तर चालेल का’ असं विचारलंय. तुम्ही मागच्या कर्जात सहकर्जदार होता, त्यामुळे तो इतिहास तुमच्याही रिपोर्टात आहे आणि निदान सात वर्षं राहतो. लपवता येत नाही, पण दुरुस्त करता येतो. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. दोघांचे मिळून आठ रिपोर्ट काढा आणि प्रिंट घ्या. आकडा नंतर बघा. आधी प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या छोट्या चौकटींची ओळ असते ती बघा. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०९०’ म्हणजे नव्वद दिवस थकलेलं. कर्ज अधिकारी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो, मी पण तेच करायचो. जुन्या चौकटी वाईट आहेत हे मान्य, पण मागचे १८-२४ महिने सलग शून्यं दिसली तर फाइल हातातून खाली ठेवली जात नाही.

क्रेडिट कार्ड ‘सेटल’ केलंय म्हणालात. सेटल म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, आणि पुढच्या प्रत्येक बँकेला ते तसंच दिसतं. सोडलेली रक्कम थोडी असेल तर भरून टाका, नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून मागा. सगळ्यात फायद्याचा खर्च हाच. चुकीची नोंद असेल तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘पाच हजारांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणारे सीबीएस बस स्थानकापासून मोबाईलपर्यंत सगळीकडे भेटतील. ते वरच्यापेक्षा वेगळं काहीच करू शकत नाहीत.

चांगला इतिहास तयार करायला वीस-पंचवीस हजारांची एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घ्या. किराणा किंवा लाइट बिल तेवढं त्यावर टाका आणि दर महिन्याला पूर्ण भरा. मोबाईल ॲपवरची कर्जं नकोत, चार बँकांत एकदम चौकशीही नको, आणि कोणाला जामीन राहू नका. जामीनदाराच्या रिपोर्टातही ते कर्ज दिसतं. भाडं रोख देत असाल तर या महिन्यापासून खात्यातून द्या आणि भाडेकरार नोंदवून घ्या. जेल रोडच्या एका कुटुंबाची फाइल माझ्याकडे आली होती, तुमच्यासारखीच, घर गेलेलं. त्यांनी दोन वर्षांचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यातून गेलेलं दाखवलं, सोबत आरडीचं पासबुक. स्कोअर काठावर होता, पण त्या दोन कागदांवर मी शिफारस लिहिली आणि कर्ज झालं.

पैशाची जुळणी अशी करा. २४ लाखांच्या घराला स्वतःचे ६ लाख, ड्युटी-नोंदणी-वकील-किरकोळ दुरुस्ती मिळून अडीच लाख, आणि घर घेतल्यावरही हात न लावायचे ३ लाख. साडेअकरा लाख झाले. तुमच्याकडे ६ आहेत. हप्ता, मेंटेनन्स धरून घर महिना वीस हजारांना पडणार आहे, आज तुम्ही ११ हजार भाडं देता. मधला ९ हजारांचा फरक आत्ताच दर महिन्याला वेगळ्या खात्यात जाऊ द्या, आणि वर जमेल तेवढे. १८ हजार पडले तर साधारण अडीच वर्षं लागतील. तोपर्यंत कुंभमेळाही उरकलेला असेल. ऐकायला लांब वाटतं, पण मिस्टर तेव्हा ४३-४४ चे असतील आणि कर्ज साठीच्या आत फिटेल. हे पैसे बँकेतच ठेवा. पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो नाही, आणि आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत.

ज्यांचे हप्ते आत्ता थकलेत आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत खातं) होतं, मग ६० दिवसांची नोटीस येते, ताबा आणि लिलाव त्यानंतर. ती नोटीस कपाटात ठेवू नका. त्या काळात बँकेला सांगून स्वतः गिऱ्हाईक आणा आणि घर विका. स्वतः विकलेल्या घराला लिलावापेक्षा जवळजवळ नेहमीच बरा भाव मिळतो, आणि रिपोर्टात खातं नीट बंद झालेलं दिसतं.

ताई, या आठवड्यात बँकेला पत्र द्या आणि रिपोर्ट काढा. ते आले की मागच्या कर्जखात्याची स्थिती, कार्डावर सोडलेली रक्कम आणि २०१७-१८ च्या अनुदानाचं काय निघालं, एवढं इथे लिहा. नाव, खाते क्रमांक टाकू नका. मी बघतो आणि बँकेकडे पुढचं पत्र काय लिहायचं तेही सांगतो.