कात्री सगळ्यात शेवटी

प्रश्न : ताई, माझी मुलगी नॉर्वेत बर्गनला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा हार्डांगरला सफरचंदाची झाडं फुललेली बघितली आणि तिथलं पांढऱ्यावर पांढरं जाळीचं भरतकामही. घरी येऊन भिंतीवर लावायला एक पट्टी केली, नाताळला तिलाच पाठवायची होती, पण जाळीसाठी धागे कापले आणि पहिल्याच धुण्यात टाके सुटून आले. दीड महिन्याचं काम गेलं. काय चुकलं? आणि नाताळची वेगळी, वसंताची वेगळी करायची तर रंगीत धागा घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वाचून फार हळहळ वाटली. दीड महिना डोळे ताणून धागे मोजलेत तुम्ही! तुमचे टाके बरोबर असतील, कात्री चुकीच्या बाजूने चालली असं मला वाटतं. हार्डांगरमध्ये, म्हणजे त्या भागाच्याच नावाच्या या भरतकामात, 5 टाके शेजारीशेजारी, प्रत्येक टाका कापडाच्या 4 धाग्यांवरून, असा एक ठोकळा होतो. त्याची टोकाची बाजू म्हणजे जिथे सुई कापडात शिरते ती, फक्त तिथेच कापायचं, आणि टाक्यांच्या दिशेनेच जाणारे 4 धागे कापायचे कारण ते त्या 5 टाक्यांनी घट्ट धरलेले असतात. आडव्या, उघड्या बाजूने कापलं की टाक्याखालचा आधारच जातो मग तो सुटणारच. समोरचा ठोकळा अगदी त्याच धाग्यांवर आलाय ना हे आधी सुईने मोजून बघा, एका धाग्याचा जरी फरक असला तरी उसवा पण कापू नका. सगळे ठोकळे भरून झाल्याशिवाय कात्री हातातच घ्यायची नाही, आणि कापताना दोन-दोनच धागे, बारीक टोकाच्या कात्रीने.

इंचाला 22 धाग्यांचं कापड असेल तर ठोकळ्यांना 5 नंबरचा परल कॉटन (पिळाचा चमकदार सुती धागा) आणि कापल्यानंतर जाळीत उरलेले धागे विणून दांड्या करायला 8 नंबरचा, तो बारीक असतो.

रंगीत धागा मात्र नको, प्लीज. हार्डांगरच्या पारंपरिक पोशाखातल्या एप्रनवर हेच काम पांढऱ्यावर पांढरं असतं आणि खरी शोभा त्या भोकांची आहे. त्यापेक्षा मागचं अस्तर बदला ना, नाताळला लाल आणि मे मध्ये फिकट हिरवं. आठ पाकळ्यांचा तारा मधोमध भरला की दोन्हीला चालतो, पट्टी एकच. अस्तर शिवून टाकू नका, वरच्या काठीच्या नेफ्याला चार कच्चे टाके घाला म्हणजे मुलीलाही तिकडे बदलता येईल. आणि सगळ्या दांड्या विणून होईपर्यंत पाणी लावू नका.