अभयारण्यातून ४०० केव्हीची वीजवाहिनी (लाइन) जातेय. गावकऱ्यांनी हरकत कुठे आणि कशी घ्यावी?

पहिली गोष्ट, जनसुनावणीची वाट बघत बसू नका. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत पारेषण वाहिन्या येतच नाहीत, त्यामुळे ती होत नाही. बहुतेक गावं इथेच फसतात आणि जाग येते तेव्हा झाडांवर नंबर पडलेले असतात.

मोर्चा जरूर काढा, पण खरी लढाई कागदावरची. केंद्र सरकारच्या पर्यावरण-वन मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवरून प्रस्ताव आणि केएमएल (मार्गाच्या नकाशाची) फाइल उतरवा, गूगल अर्थवर उघडा. ४०० केव्हीच्या डबल सर्किटला (एकाच मनोऱ्यावर तारांचे दोन संच) साधारण 46 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. म्हणजे दर किलोमीटरला 4.6 हेक्टर. अर्जातल्या क्षेत्राशी हा गुणाकार ताडून पाहा.

मग जवळपास जुनी लाइन आहे का ते शोधा. नुसतं 'नको' म्हणण्यापेक्षा 'इथून न्या' हे जास्त टिकतं. गोव्यातल्या मोले अभयारण्यातल्या तमनार वीजवाहिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने 2021 मध्ये हेच सांगितलं: अस्पर्श जंगलात नवा पट्टा नको, असलेल्या लाइनचाच मार्ग वापरा. 2022 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं.

लेखी हरकत राज्य वन्यजीव मंडळ आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती, दोघांकडे पाठवा. पोच जपून ठेवा. वनमंजुरीच्या अंतिम आदेशाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात 30 दिवसांत अपील करता येतं (सबळ कारण असेल तर आणखी 60). वन्यजीव कायदा मात्र लवादाच्या कक्षेबाहेर आहे, त्याखालच्या मंजुरीला आव्हान द्यायला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं.